तरे सरांची फुली

रघुनाथ तरे हा माणूस कसा होता, असं कुणी विचारलं तर मी पटकन सांगते, फार सरळ होता. पण लगेच मनात येतं, खरंच सरळ होता का? मग मी पुन्हा सगळं पहिल्यापासून आठवायला लागते, आणि दर वेळी त्याच एका जागेपाशी येऊन अडकते.

त्र्याहत्तरच्या जूनमध्ये मी भिवंडीच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले. आम्ही गुप्ते भिवंडीतले जुने रहिवासी. वडील कोर्टात कारकून होते. मी बी. ए., बी. एड. झालेली, नवी साडी, नवी पर्स. शिक्षकांच्या खोलीत पहिल्या दिवशी कोपऱ्यातली एक खुर्ची पकडून बसले, तर समोरून प्रश्न आला.

"बाई, मराठीच्या ना तुम्ही? मंग मना सांगा. 'सुमारे' आनि 'जवळजवळ' यात फरक काय?"

विचारणारा माणूस काळासावळा, उंच, हाडापेराने मोठा. अंगात पांढरा सदरा, पांढरी पँट, पण पँटच्या दोन्ही पायांना घोट्याशी सायकलच्या क्लिपा तशाच लावलेल्या. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नाही. मी घाबरून म्हटलं, "सुमारे म्हणजे थोडं कमी किंवा थोडं जास्त. जवळजवळ म्हणजे थोडं कमीच."

"चांगला सांगितलात. म्हंजे दोन्ही खोटेच," असं म्हणाले आणि खडूचा डबा उचलून वर्गावर निघून गेले.

हे तरे सर. अंजूरचे. आगरी शेतकऱ्याच्या घरातले, त्यांच्या गावातले पहिले बी. एस्सी. रोज खाडीकडच्या त्या गावातून सायकल मारत यायचे आणि वरच्या वर्गांना गणित शिकवायचे. त्यातही त्रिकोणमिती हा त्यांचा जीव. अभ्यासक्रमात जेवढी होती तेवढी तर ते शिकवतच, पण नव्हती तीही शिकवत. हेडमास्तरांनी एकदा "हे पुढच्या इयत्तेचं आहे" म्हणून हटकलं, तर म्हणाले, "पोरा पुढंच जानार ना, का मागं?"

त्या काळी मुलांकडे लॉगटेबलचं पुस्तक असे. त्याच्या मागच्या पानांवर सगळ्या कोनांच्या साइन-कोसाइनच्या किमती चार दशांश स्थळांपर्यंत छापलेल्या. तरे सर वर्गात शिरले की पहिलं काम म्हणजे ती पुस्तकं गोळा करून टेबलावर त्यांची चवड लावायची. तास संपला की परत. एखाद्या मुलाने तरीही पाठ केलेला आकडा सांगितलाच, की साइन पंधरा म्हणजे शून्य दशांश दोन पाच आठ आठ, तर सर म्हणायचे, "तो साइन पंधराचा शेजारी हाय. मना शेजारी नको, तो सोता पायजे. शेजाऱ्याला कोन बाबा म्हनतो का?"

वर्ग हसायचा. सर हसायचे नाहीत.

मला कोडं पडायचं ते वेगळंच. गणितात एवढा काटेकोर माणूस बाकी आयुष्यात कमालीचा अघळपघळ होता. हातात घड्याळ नाही. किती वाजले विचारलं तर, "व्हतील धा-अकरा." वय विचारलं तर, "पंचेचाळीस म्हना. पन्नास म्हनलात तरी चालेल." शाळेच्या दप्तरात त्यांची जन्मतारीख एक जून लिहिलेली होती आणि ती लिहिणाऱ्या मास्तरांनी आपल्या मनाने घातली होती, हे ते स्वतःच सांगत. बायको लग्नानंतर दोन वर्षांतच वारली होती. तिला काय झालं होतं, हे विचारलं तेव्हाही म्हणाले, "ताप आला. न्हायतर आधीपासूनच काय असंल." त्यात दुःख नव्हतं असं नाही. पण नेमकं काही सांगायची वेळ आली की हा माणूस धूसर होऊन जायचा.

आमच्या दोघांच्या वर्गांमध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती, तिच्यात बोटभर फटी. माझी कविता सुरू असली तरी पलीकडचं सगळं ऐकू यायचं. एका दुपारी ते सांगत होते, "पंचाहत्तरचा साइन कोनाला येतो? कोनालाच न्हाय. मंग रडत बसायचा का? पंचेचाळीस येतो ना? तीस येतो ना? मंग पंचाहत्तरला सांगा, बाबा, तू हो पंचेचाळीस आनि तीस." माझी मुलंसुद्धा कवितेतून मान काढून तिकडे ऐकायला लागली. मीही.

गणितात मी मॅट्रिकला कशीबशी सुटले होते. पण त्या दिवशी वाटलं, एवढं तर मलाही येईल. मधल्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, "सर, पंचेचाळीसचा साइन आणि तीसचा साइन यांची बेरीज केली की झाला पंचाहत्तरचा, हो ना?"

त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला वाटलं माझं बरोबर आलं.

"बाई, वा! ही चूक हर साली पयली येती. बसा." त्यांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. पंचेचाळीसचा साइन म्हणजे पाऊणाच्या किंचित आत, तीसचा अर्धा. "करा बेरीज. एकाच्या वर गेली ना? आनि साइन एकाच्या वर कवाच जात न्हाय. म्हंजे तुमचा साइन छपर फोडून भाईर पडला." मग त्यांनी सूत्र लिहिलं. एकाचा साइन, दुसऱ्याचा कोसाइन, मग उलट, आणि त्यांची बेरीज. "दोघांना एकमेकांच्यात मिसळायला लागतो. नुसता शेजारी बसवून चालत न्हाय."

मला ते कळलं नाही. त्यांना कळलं की मला कळलं नाही. तरी ते खूश होते. "कळल कवातरी," म्हणाले.

त्यांचे थोरले भाऊ बाळाराम एकदा शाळेत आले होते. धोतर, बंडी, डोक्याला टॉवेल. आपला मुलगा दत्तू याचं नाव अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, घालायला आले होते. शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभे राहून, आमच्या सगळ्यांकडे बघत, सरांकडे बोट करून म्हणाले, "ह्याला बैल हाकाया येत न्हवता, म्हून शाळंत घातला." तरे सर पोरासारखे लाजले. बाळाराम गेल्यावर मला म्हणाले, "बाप गेला तवा दादा चवथीत व्हता. दुसऱ्या दिसापासून नांगर धरला. त्याचा चवथीचा पुस्तक माझ्या पिशवीत आला, बाई. मी शिकलो तो त्याच्या पुस्तकावर." तेवढंच. परत कधी हा विषय त्यांनी काढला नाही. पण दत्तू वर्गात आला की त्यांची नजर त्याच्यावरून फिरून जायची, हे मी पाहिलं आहे.

दत्तू हुशार होता. आणि त्याच वर्गात राहनाळची यमुना भोईर होती. बारीक, दोन वेण्यांची, बोलायला लावलं तरच बोलणारी. सकाळी घरचं सगळं आवरून चालत शाळेत यायची. तिच्या घरी मॅट्रिकनंतर तिचं लग्न ठरल्यातच जमा होतं, पण वडील एका गोष्टीला कबूल झाले होते. आमची संस्था दर वर्षी अकरावीतल्या एका विद्यार्थ्याच्या कॉलेजचा सगळा भार उचलायची. ती संधी मिळाली तर पोरगी शिकेल, नाही तर मांडव. हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. बाळारामांचंही तेच होतं. सरांनंतर घरातून दुसरं पोर कॉलेजात पाठवायचं तर संस्थेचाच आधार.

निवड शाळेच्या परीक्षेवर व्हायची आणि शेवटी ती गणितावरच ठरायची, कारण बाकी विषयांत पहिले दोघे-तिघे बरोबरीने चालत. गणिताचा पेपर तरे सरच काढत, तेच तपासत. हेडमास्तर म्हणाले होते, "सर, पुतण्या आहे तुमचा. दुसऱ्या कुणाला देऊ का तपासायला?" सर खडूचा डबा चाचपत राहिले. हेडमास्तरांनीच मग म्हटलं, "जाऊ द्या. दुसरं आहेच कोण?"

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचं ते साल. निकाल वाचून दाखवला, त्यात दत्तू पहिला, यमुना दुसरी. फरक दोन मार्कांचा. दत्तूला वर्गाने उचलून घेतलं. यमुनाने पेपर घेतला, घडी घालून दप्तरात ठेवला आणि बाकीच्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. बाळाराम दुसऱ्याच दिवशी शाळेत पेढे घेऊन आले. माझ्या हातावर त्यांनी स्वतः पेढा ठेवला. तरे सरांनी पेढा घेतला आणि तोंडात न टाकता हातातच धरून ठेवला. मला वाटलं, गोड खात नसतील.

तिसऱ्या दिवशी सर शाळेत आले ते थेट माझ्या वर्गाच्या दाराशी. मला वाटलं कुणी तरी गेलं. "बाई, यमुनाला भाईर पाठवा जरा. तिचा पेपर घेऊन."

यमुनाने पेपर आणून दिला. सरांनी तो घेतला, एक पान उघडलं, पाहिलं आणि मिटला. मग हेडमास्तरांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. अर्धी शाळा ऐकत होती.

"साहेब, यमुना भोईरचा एक गणित बरोबर हाय. मी फुली मारली. चार मार्क देयाचे राहिले."

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "यादी गेली, सर. संस्थेत पोचली. तिने तक्रार केली का?"

"न्हाय."

"तिच्या वडलांनी?"

"न्हाय. कोनीच न्हाय."

"मग?"

"मंग काय? बरोबर हाय म्हंजे बरोबर हाय."

प्रश्न साधा होता. साइन पंधराची नेमकी किंमत काढा. सरांनी वर्गात शिकवलेला मार्ग असा, की पंधरा म्हणजे पंचेचाळीस उणे तीस. त्या वाटेने उत्तर येतं ते सहाचं वर्गमूळ वजा दोनचं वर्गमूळ, आणि सगळ्याला चारने भाग. यमुनाने ती वाट धरलीच नव्हती. तिने तीसचा अर्धा पंधरा असा विचार केला, अर्ध्या कोनाचं सूत्र वापरलं. तिचं उत्तर अगदी वेगळं दिसत होतं. दोन वजा तीनचं वर्गमूळ, त्या सगळ्याचं पुन्हा वर्गमूळ, आणि भागिले दोन. मुळाच्या आत मूळ. माझ्यासारखीला ती दोन उत्तरं एकमेकांची कुणीच लागत नव्हती.

हेडमास्तरांनाही ते लगेच दिसलं नाही. सर व्हरांड्यातल्या सूचनांच्या फळ्याकडे गेले. त्यावरची सहलीची सूचना पुसली. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहिली, दोघांचे वर्ग केले, आणि एकेक पायरी खाली उतरत गेले. शेवटी दोन्हीकडे खाली एकच ओळ उरली. दोन वजा वर्गमूळ तीन, भागिले चार. त्याखाली त्यांनी लिहिलं, "दोन्ही एकच. चूक माझी. र. तरे."

सगळी शाळा त्या फळ्यापुढे उभी होती. मला शेवटची ओळ दिसत होती आणि ती दोन्हीकडे सारखी आहे एवढं कळत होतं. पण त्याहून जास्त मला एक गोष्ट कळत नव्हती, आणि ती त्या क्षणी मनात आली ती आजतागायत गेलेली नाही.

अर्ध्या कोनाचं सूत्र या शाळेत शिकवलं कुणी होतं? तरे सरांनीच. साइन पंधराच्या दोन वाटा आहेत, हे माझ्या कानांनी फळ्यांच्या फटीतून ऐकलं होतं. "ह्या दारानं आत जा न्हायतर त्या दारानं, घरात तोच बसलाय," हे त्यांचंच वाक्य. ज्या माणसाला ही दोन उत्तरं झोपेत ओळखू आली असती, त्याने फुली मारलीच कशी?

पुढचे पंधरा दिवस काही विचारू नका. संस्थेची माणसं शाळेत आली, पेपर पुन्हा तपासले गेले, आणि यमुनाचं नाव यादीत वर गेलं. गावात बोलणारे तीन बाजूंनी बोलत होते. काही म्हणायचे, पुतण्यासाठी फुली मारली आणि मग मन खायला लागलं. काही म्हणायचे, थकला असेल माणूस, शंभर पेपर तपासतो, होतं असं. आणि तिसरे म्हणायचे, भावाचं पोर खाली आणून लोकांत मोठा झाला. अंजूरला काय झालं, ते मला दत्तूकडून कळलं.

"काका मना आदल्या दिवशीच बोलले व्हते," दत्तू म्हणाला. "म्हनाले, दत्तू, उद्या तुझा नंबर जानार हाय. मी इचारला, का? तर म्हनाले, तुझी चूक न्हाय. मंग बाबाकडं गेले. बाबा गोठ्यात व्हता. काका दारात उभे राहून सांगत व्हते, आनि बाबा गवात टाकत व्हता. टाकून झाला, हात झटकले, आनि घरात गेला. त्या दिवसापास्न बोलला न्हाय त्यांच्याशी."

"आणि तू?"

दत्तूने खांदे उडवले. "मना ना बाई, राग यायला पायजे व्हता. येतबी व्हता. पन तो फळा बघितला ना… तिचा बरोबरच हाय. माझ्या डोक्यात न्हवता आला तो."

सर अंजूरच्या घरातून बाहेर पडले. भिवंडीतच निजामपुऱ्यात एका गल्लीत, खाली कापड विणायचे लूम आणि वर खोली, अशा घरात राहायला आले. दिवसभर जमीन हादरायची. टेबलावरचा पाण्याचा पेला स्वतःहून कडेकडे सरकायचा. शाळेचे कागद द्यायला मी एकदा गेले होते. खालचा लूममालक, वयस्कर मोमीन गृहस्थ, मला जिन्याशी थांबवून म्हणाला, "बहनजी, मास्टरजी से कहिये, खाना वक्त पर खाया करें. हम बुलाते हैं तो बोलते हैं, आता हूँ, आता हूँ. आते नहीं."

वर गेले. सर बनियनवर बसून वह्या तपासत होते. मला पाहून सदरा शोधायला लागले, तो सापडेना, तो त्यांच्या मांडीवरच होता. चहा नव्हता. त्यांनी मला पाणी दिलं. तो खडखडाट इतका होता, की कुणी ऐकेल अशी भीती नव्हती, आणि म्हणून असेल कदाचित, पण मी विचारलं.

"सर, एक विचारू? ती फुली चुकून मारली होतीत का?"

मी आवाज चढवून विचारलं होतं, आणि विचारल्यावर तो माझाच आवाज मला फार मोठा वाटला. सरांनी हातातली लाल पेन्सिल खाली ठेवली. रागावले असतील असं वाटलं. पण बोलले ते अगदी शांतपणे.

"बाई, मी तेच शोधतोय. तो पेपर हातात व्हता, लाल पेन्सिल हातात व्हती, येवढा आठवतो. यमुनाचा हाय हे ठाव व्हता. दत्तूचा त्याच्या आधीच तपासला व्हता, बेरीज झाली व्हती, तेबी ठाव व्हता. मंग पान पालटला. मंगचा आठवत न्हाय. पेढा हातात आला तवा तिचा गणित डोळ्यापुढं आला, तवर न्हाय. मी रोज बसून काढतो. उत्तर येत न्हाय."

"थकला असाल," मी म्हटलं.

"असंल," ते म्हणाले. आणि मग, "नसंलबी. आठवला तर तुम्हाला पयला सांगीन."

मी जिना उतरून खाली आले तेव्हा माझे पाय त्या मशीनच्या तालावर पडत होते. मला त्यांची कीव येत होती आणि त्याच वेळी रागही येत होता. सरळ सांगावं ना एकदा काय ते! चुकलो म्हणा किंवा केलं म्हणा. पण खोटं बोलून सुटणं इतकं सोपं असताना ते खोटंही बोलले नव्हते.

यमुना ठाण्याच्या कॉलेजात गेली. तिला आम्ही निरोप दिला त्या दिवशी मी तिला म्हटलं, "तुला कळलं होतं का गं, तुझं बरोबर आहे ते?"

"नाही बाई. सरांनी फुली मारली म्हणजे चूकच असणार, असंच वाटलं मला. मी परत बघितलंसुद्धा नाही." आणि मग म्हणाली, "सर त्या दिवशी राहनाळला आमच्या घरी आले होते. फळ्यावर लिहिलं त्याच संध्याकाळी. माझ्या वडलांच्या पाया पडले. वडील इतके घाबरले, की तेच उलट सरांच्या पाया पडले. दोघंही वाकलेले. मला हसू आलं, आणि मग रडू आलं."

तिने तो पेपर जपून ठेवला होता. माझ्यापुढे उघडला. मी त्या फुलीकडे नीट पाहिलं. इतके दिवस मला वाटत होतं, ती फुली बघितली की काही तरी समजेल. लाल पेन्सिलीची खूण होती. एक हात आखूड, दुसरा लांब, वर उजवीकडे उडालेला. बरोबरची खूण काढायला हात निघाला, आणि मग त्यावरून आडवी रेघ मारली, असं तिच्याकडे बघून वाटत होतं. आणि पान जरा तिरकं धरलं की ती घाईत मारलेली साधी फुली दिसायची, एक हात जरा लांब झालेली, एवढंच. मी दोन्ही प्रकारे बघितलं. यमुनाने विचारलं, "काय बघता, बाई?" मी म्हटलं, "काही नाही." आणि पेपर तिला परत दिला.

सर आणखी तीन वर्षं शाळेत होते. शिकवण्यात काही फरक पडला नाही. उलट जास्तच काटेकोर झाले. एक मात्र बदललं. पेपर तपासून झाला, की ते ज्याचा त्याला बोलावून समोर बसवायचे आणि प्रत्येक फुलीवर बोट ठेवून विचारायचे, "ही बरोबर हाय का? न्हायतर सांग." मुलांना गंमत वाटायची. कुणी कुणी नसलेली चूक काढून वाद घालायचे. सर वाद ऐकून घ्यायचे, शेवटपर्यंत. एक-दोनदा मार्क वाढवलेही. हेडमास्तर वैतागायचे, निकाल वेळेवर लागायचा नाही. मला मात्र ते बघवत नसे. चाळीस मुलांपुढे एक मोठा माणूस रोज स्वतःची चौकशी करवून घेतो आहे, असं वाटायचं. आणि लगेच वाटायचं, तसं काही नसेल, मीच फार विचार करते.

मला त्यांनी पुन्हा काही सांगितलं नाही. कधी कधी व्हरांड्यात समोर आले की क्षणभर थांबायचे, तोंड उघडायचे. मी वाट बघायची. "पाऊस येईल असं वाटतं," म्हणायचे आणि पुढे जायचे.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात दत्तूचं लग्न झालं. दत्तू तोवर भिवंडीत एका कारखान्यात जॉबर झाला होता. लूम बिघडला की दुरुस्त करायला त्याला हाक मारत. हात चांगला, डोकं चांगलं, मालक त्याला सोडायला तयार नसत. तो स्वतः पत्रिका घेऊन घरी आला आणि म्हणाला, "बाई, यायचाच." लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण होतं, त्याला मी अंजूरला गेले.

मांडवात शंभर-दीडशे माणूस. एका बाजूला बायकांच्या पंगती, एका बाजूला पुरुषांच्या. तरे सर मांडवात नव्हते. मला वाटलं, बोलावलंच नसेल. मग दिसले. मांडवाबाहेर, भेंडीच्या जुन्या, मोठ्या झाडाच्या सावलीत, पालथ्या टोपलीवर बसले होते. सायकल झाडाला टेकवलेली. कुणी त्यांना आत या म्हणत नव्हतं आणि कुणी जा असंही म्हणत नव्हतं. पोरं त्यांच्या भोवतीने धावत होती. ते कुणाकडे बघत नव्हते. मांडवाच्या दोऱ्यांकडे बघत होते, जणू एखादा कोन मोजत असावेत. किंवा नुसतेच बघत असतील.

माझ्या पानात वाढून झालं होतं. मी दोन घास घेतले असतील, तेवढ्यात मांडवातून बाळाराम बाहेर पडले. नवं धोतर, कपाळाला हळद लागलेली. हातात पत्रावळ होती, भात आणि मटणाचा रस्सा वाढलेली. ते सरळ झाडापाशी गेले. आजूबाजूचं बोलणं कमी झालं, की मलाच ऐकू येईनासं झालं, सांगता येत नाही. बाळारामांनी पत्रावळ भावाच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली. त्याच्याकडे न बघता, दुसरीकडेच तोंड करून, एकच शब्द बोलले.

"जेव."

आणि तिथेच उभे राहिले. गेले नाहीत. पाठ फिरवूनच उभे.

सर टोपलीवरून उतरून खाली मांडी घालून बसले. पत्रावळ जवळ ओढली. पहिला घास कालवला, तोंडात घातला, आणि मग एकामागून एक खात गेले. खाली मान घालून, भरभर, लहान मूल खातं तसे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. नाकावरून ओघळून ते भातात पडत होतं आणि ते पुसत नव्हते.

माझ्या शेजारी बसलेली बाई म्हणाली, "रस्सा लय तिखट झालाय."

मी चाखून बघितला. खरंच तिखट होता.